कालनिर्देश, जंत्री आणि संगणक : मराठेशाहीच्या कागदपत्रांतील तारखांच्या संगणकीय वाचनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात कालनिश्चितीला पायाचे स्थान आहे. घटना कोणती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती केव्हा घडली हेही महत्त्वाचे असते. कारण आधी काय आणि नंतर काय हे ठरल्याशिवाय कार्यकारणभाव मांडता येत नाही. गेल्या काही दशकांत अभिलेखागारांतील कागदपत्रांचे संगणकीकरण सुरू झाले आणि कागदावरील तारीख यंत्राला कशी समजावी, असा नवा वाटणारा प्रश्न उभा राहिला. निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेल्या तारखा ओळखणाऱ्या आज्ञावल्या आज सर्वत्र वापरात आहेत. ०३/०४/०५ या आकड्यांचा अर्थ भारतात ३ एप्रिल २००५ आणि अमेरिकेत ४ मार्च २००५ असा होतो, ही अडचण संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. परंतु मराठेशाहीच्या दप्तरात काम करणाऱ्या अभ्यासकाला याहून कितीतरी अवघड कोडे रोज सोडवावे लागते.

प्रस्तुत लेखात या कोड्याचे स्वरूप, ते सोडविण्यासाठी पूर्वसूरींनी तयार केलेली साधने आणि त्या अनुभवातून संगणकीय आज्ञावलीच्या रचनेसाठी मिळणारे धडे यांचा विचार केला आहे. जंत्रीकारांनी जी शिस्त पाळली ती आज्ञावलीत उतरली नाही, तर संगणकीकरणामुळे इतिहास सुलभ होण्याऐवजी बिघडेल, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एका तारखेचे उदाहरण

समजा, एखाद्या मोडी पत्राच्या शेवटी ‘छ २५ सवाल, सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असा कालनिर्देश आहे. येथे ‘छ’ हे चंद्र या शब्दाचे संक्षिप्त चिन्ह असून त्यापुढील आकडा हिजरी महिन्याचा चांद्रदिवस दाखवितो. ‘सवाल’ म्हणजे शव्वाल महिना. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. पुढील शब्द अरबी संख्यावाचक आहेत : इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. त्यानुसार हे वर्ष १७६०–६१, म्हणजे पानिपतच्या संग्रामाचे वर्ष ठरते.

येथवर काम सरळ आहे. खरी अडचण पुढे येते. सुहूर सन सौर आहे; सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा तो सुरू होतो, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणतात. महिने मात्र हिजरी, म्हणजे शुद्ध चांद्र असतात. सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे आणि हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. परिणामी प्रत्येक सुहूर वर्षात सुमारे अकरा हिजरी तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. सन ११६१ चा आरंभ जून १७६० च्या पहिल्या आठवड्यात झाला. त्या वेळी शव्वालचा उत्तरार्ध चालू होता. पुढील वर्षीचे मृग लागले तेव्हा शव्वाल संपून जिल्काद सुरू झाला होता. म्हणून ‘छ २५ सवाल’ ही तारीख याच सुहूर वर्षात सुमारे १० जून १७६० रोजी आणि पुन्हा सुमारे ३० मे १७६१ रोजी येते.

या दोन दिवसांत ३५४ दिवसांचेच अंतर आहे, पण त्यांच्यामध्ये १४ जानेवारी १७६१ उभा आहे. पहिल्या तारखेला सदाशिवरावभाऊंचे सैन्य उत्तरेच्या मोहिमेवर होते. दुसऱ्या तारखेला पानिपत होऊन साडेचार महिने लोटले होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या आयुष्याचे अखेरचे दिवस चालू होते. २३ जून १७६१ रोजी त्यांचे निधन झाले. पत्रात पैशाची निकड मांडली असेल, तर ती विजयाच्या अपेक्षेने चाललेल्या फौजेची आहे की पराभवानंतर मोडकळीस आलेल्या व्यवस्थेची, हे या तारखेच्या वाचनावर अवलंबून राहील. आज्ञावलीने यांपैकी एक दिवस गुपचूप निवडून माहितीकोशात टाकला, तर पुढील अभ्यासकाला तेथे पर्याय होता याची जाणीवही होणार नाही.

कालगणनांची विविधता

मराठेशाहीच्या कागदपत्रांत एकाच वेळी अनेक कालगणना नांदत होत्या. त्यांतील प्रमुखांचा येथे संक्षेपाने निर्देश करणे आवश्यक आहे.

(अ) शालिवाहन शक : महाराष्ट्रात शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होते आणि महिने अमान्त असतात. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे शाळेतील सूत्र वर्षाच्या बहुतेक भागात चालते. परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला ७८ मिळविले तर १६२९ हे चुकीचे उत्तर येते. जेधे शकावलीने दिलेली शिवजन्माची ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० या दिवसाशी जुळते. शिवाय उत्तर हिंदुस्थानातील पूर्णिमान्त पद्धतीत हाच वद्य पक्ष चैत्राचा मानला जातो. म्हणजे पक्ष एकच, पण महिन्याचे नाव पत्र कोठून लिहिले गेले यावर ठरते.

(आ) राज्याभिषेक शक : हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर या तिथीपासून सुरू झाला. त्याचे वर्ष चैत्रात बदलत नाही, ज्येष्ठात बदलते.

(इ) फसली सन : दख्खनी फसलीत मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवावे लागतात, उत्तरेकडील फसलीचे गणित वेगळे आहे. दख्खनी फसली आणि सुहूर या दोन्ही सनांचा आरंभ मृगाशी निगडित असून त्यांत नऊ वर्षांचे स्थिर अंतर आहे.

(ई) विक्रम संवत : उत्तरेत तो चैत्रादी, तर गुजरातेत कार्तिकादी आहे. त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोन्हींच्या वर्षांकात एकाचा फरक पडतो. मराठ्यांचा कारभार दोन्ही प्रदेशांत पसरलेला असल्याने ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

(उ) युरोपीय तारखा : पोर्तुगीज व डच यांच्या कागदपत्रांत नवी, म्हणजे ग्रेगरियन गणना आहे. इंग्रजांनी मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी, ज्यूलियन गणना पाळली. शिवाय १७५१ पर्यंत त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये. त्या वेळच्या इंग्रजी हिशेबाने तो महिना १६६३ या वर्षातच मोडत होता आणि त्याच शहरातील डच वखारीची तारीख दहा दिवसांनी पुढे होती.

याखेरीज दिवस केव्हा बदलतो हा प्रश्न उरतोच. हिजरी दिवस सूर्यास्तास, भारतीय वार सूर्योदयास आणि युरोपीय तारीख मध्यरात्री बदलते. राज्याभिषेकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जेधे शकावलीनुसार ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. सूर्योदय झाला नव्हता म्हणून वार शुक्रवारच होता. पण द्वादशी आदल्या दिवशीच संपून त्रयोदशी लागली होती आणि युरोपीय हिशेबाने मध्यरात्र उलटून ६ जून १६७४ चा शनिवार उजाडण्याच्या बेतात होता. द्वादशी आणि त्रयोदशी, शुक्रवार आणि शनिवार यांतील कोणतेही विधान खोटे नाही. एकाच क्षणाची ती निरनिराळी नावे आहेत.

जंत्रीकारांचे कार्य

या गुंतागुंतीतून वाट काढण्यासाठी अभ्यासकांनी जंत्र्या सिद्ध केल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह भारतीय कालगणनेवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८९६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथही प्रकाशात आला. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शक, हिजरी, फसली, सुहूर आणि इसवी तारखांची जंत्री तयार केली. पुढे ग. स. खरे यांनी शिवकालासाठी जंत्री रचली. मद्रासकडे एल. डी. स्वामिकन्नू पिल्ले यांचे भारतीय पंचांगविषयक विस्तृत कोष्टकग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. अशा संपादनकार्यात जंत्रीचा आधार पदोपदी घ्यावा लागतो.

या संपादकांपुढे तारखांचे वाचन एवढाच प्रश्न नव्हता. अनेक पत्रांत महिना आणि चांद्रदिवस असतो, पण साल नसते. कारण पत्र पाठविणारा व घेणारा यांना ते सांगण्याचे प्रयोजन नव्हते. अशा वेळी पत्रातील व्यक्ती, मुक्काम आणि प्रसंग यांवरून साल अनुमानावे लागते. चांगला संपादक असे साल कंसात घालतो किंवा प्रश्नचिन्ह लावतो. मूळ कागदात काय आहे आणि संपादकाने काय जोडले आहे, यांतील सीमारेषा तो पुसत नाही. जंत्रीच्या परंपरेतील ही सर्वांत मोलाची शिस्त होय.

संगणकाची गृहीतके

संगणकीय प्रणालींत कालगणनेचा शास्त्रशुद्ध विचार झालेला नाही असे नाही. नाखुम डेर्शोविट्झ व एडवर्ड राइनगोल्ड यांनी १९९० साली विविध कालगणनांच्या परस्पररूपांतरावर शोधनिबंध लिहिला आणि १९९७ मध्ये त्याचा विस्तार ग्रंथरूपाने केला. प्रत्येक कालगणनेतील तारीख प्रथम एका अखंड दिवससंख्येत बदलावी आणि तेथून हव्या त्या कालगणनेत न्यावी, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म आहे. खगोलशास्त्रातील ज्यूलियन दिवसक्रमांक याच तत्त्वावर आधारित आहे. त्यानुसार ६ जून १६७४ (जुनी गणना) या दिवसाचा क्रमांक २३३२६४३ आणि १४ जानेवारी १७६१ चा क्रमांक २३६४२६६ येतो. दोहोंतील अंतर ३१६२३ दिवस. या संख्येला सातने भागून उरणाऱ्या बाकीवरून वारही मिळतो : पहिला शनिवार, दुसरा बुधवार.

व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या प्रणालींची गृहीतके मात्र इतिहासाला सोयीची नाहीत. काही लोकप्रिय तक्ताप्रणालींत तारखांची मोजणी १९०० पासून सुरू होते. त्यापूर्वीची तारीख तेथे केवळ अक्षरे म्हणून राहते. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रेगरियन गणनेवर उभे आहे. त्यामुळे अनेक आज्ञावल्या ‘६ जून १६७४’ ही तारीख ग्रेगरियन समजून त्या दिवशी बुधवार होता असे सांगतात, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी मंगळवार होता असे सांगतात. वस्तुतः जुन्या गणनेनुसार हे दिवस अनुक्रमे शनिवार व शुक्रवार होते. गणितात चूक नाही. चूक गृहीतकात आहे. मोडी लिपीला युनिकोड प्रमाणात २०१४ साली स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण अक्षर ओळखले म्हणजे काळ ओळखला असे होत नाही.

आज्ञावलीच्या रचनेची तत्त्वे

वरील विवेचनावरून मराठी कागदपत्रांतील तारखा वाचणाऱ्या आज्ञावलीसाठी काही तत्त्वे मांडता येतात.

१) मूळ पाठाचे जतन : कागदावरील कालनिर्देश जसाच्या तसा स्वतंत्र रकान्यात ठेवावा. रूपांतरित तारीख हा त्यावरील निष्कर्ष आहे, त्याची जागा घेणारा पर्याय नव्हे. पुढे कोणाला चूक दुरुस्त करावयाची झाल्यास मूळ पाठ हाताशी असला पाहिजे.

२) शब्दांचे सावध पृथक्करण : अरबी संख्यावाचकांत एकक आणि दशक यांची रूपे परस्परांच्या फार जवळची आहेत. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. समान म्हणजे आठ आणि समानीन म्हणजे ऐंशी. तिसा म्हणजे नऊ आणि तिसैन म्हणजे नव्वद. ‘सबैन मया व अलफ’ हे ११७० असून ‘सबा मया व अलफ’ हे ११०७ आहे. पहिल्याचे इसवी वर्ष १७६९–७०, दुसऱ्याचे १७०६–०७. शेवटच्या अक्षराच्या वाचनावर त्रेसष्ट वर्षे अवलंबून आहेत. एकीकडे माधवराव पेशव्यांची कारकीर्द, दुसरीकडे औरंगजेबाचे अखेरचे वर्ष. त्यातच इहिदे, इहीदे, अर्बा, आर्बा, सित, सीत अशी लेखनभेदांची भर पडते. जवळचा शब्द सापडताच तो दुरुस्त करणारी आज्ञावली येथे धोकादायक ठरेल.

३) एकाऐवजी पर्यायांची यादी : आज्ञावलीने एकच उत्तर देण्याचा आग्रह धरू नये. ‘छ २५ सवाल’ या उदाहरणात तिने दोन्ही दिवस दाखविले पाहिजेत. तसेच हिजरी महिना चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने तीस वर्षांच्या चक्राच्या गणिती कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष तारीख एखाद्या दिवसाने पुढेमागे असू शकते. म्हणून उत्तर हे बिंदू नसून कालखंड असते. २०१९ साली आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात अनिश्चित व अंदाजे तारखा नोंदविण्याची रीत समाविष्ट झाली आहे. तिचा उपयोग आपल्या अभिलेखागारांना करून घेता येईल.

४) समकालीन गणिताचा वापर : तिथी काढताना आधुनिक खगोलगणित वापरणे अधिक अचूक वाटते, परंतु कारकुनाने जे पंचांग पाहून तिथी लिहिली ते त्याच्या काळातील ग्रंथांवर बेतलेले होते. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ हा शके १४४२ मधील ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांचा दीर्घकाळ आधार होता. तिथीचा शेवट सूर्योदयाच्या जवळ येतो तेव्हा दोन गणितांची उत्तरे भिन्न येऊ शकतात. आकाशात कोणती तिथी होती हे आपल्याला शोधावयाचे नसून लेखकाने कोणती तिथी मानली हे शोधावयाचे आहे.

५) अंतर्गत ताळा : जुन्या कागदांत एकाच दिवसाची अनेक प्रकारे नोंद असते. शक, संवत्सराचे नाव, तिथी, वार, हिजरी तारीख, सुहूर व फसली सन यांतील दोन-तीन तरी अनेकदा एकत्र आढळतात. ही पुनरुक्ती म्हणजे कारकुनांनी आपल्या हाती ठेवलेला ताळाच होय. सुहूर व दख्खनी फसली यांत नऊचे अंतर नसेल, किंवा मंदवार लिहिलेला असून गणिताने बुधवार येत असेल, तर कोठेतरी चूक आहे हे निश्चित. आज्ञावलीने ती विसंगती लपवू नये, दाखवावी. विसंगती हीदेखील माहितीच असते. बनावट सनदांचा संशय अनेकदा अशाच विसंगतीवरून येतो.

६) निर्णयाची नोंद : पर्यायांपैकी एकाची निवड शेवटी अभ्यासकानेच करावी आणि ती कोणी, कोणत्या आधारावर केली हे नोंदवावे. संपादकाच्या कंसाची व प्रश्नचिन्हाची जागा संगणकात या नोंदीने भरून काढली पाहिजे.

अध्यापकांपुढील प्रश्न

हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपविण्याजोगा नाही. मोडी जाणणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि सूचीकरणाचे काम पुष्कळदा घाईने होते. ज्या प्रणालीत तारखेच्या रकान्यात दिवस, महिना व वर्ष भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेथे साल माहीत नसलेल्या पत्रालाही साल द्यावेच लागते. अशी सक्तीने भरलेली तारीख एकदा माहितीकोशात शिरली की ती इतर तारखांसारखीच दिसते, तिच्यावर आलेख काढले जातात आणि प्रबंध लिहिले जातात. छापील खंडातील चूक ग्रंथपालाच्या फळीवर दिसते. माहितीकोशातील चूक शोधणाऱ्यास ती आहे हेच ठाऊक नसते.

म्हणून इतिहास, मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र बसून असे काम करणे इष्ट आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास जंत्री पाहता आली पाहिजे, तसेच संगणकाच्या विद्यार्थ्यास सुहूर सनातील दोनदा येणाऱ्या तारखांचे कोडे सोडविण्यास दिले पाहिजे. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या कृत्रिम उदाहरणांपेक्षा ते अधिक कसदार आहे आणि त्याचे उत्तर कोणाच्या तरी उपयोगी पडणारे आहे.

निष्कर्ष

१) स्थानिक पद्धतीने लिहिलेल्या तारखा वाचण्याचा प्रश्न संगणकयुगात निर्माण झालेला नाही. जंत्रीकारांनी व संपादकांनी तो दीर्घकाळ हाताळला आहे आणि त्यांच्या कार्यपद्धतीत आज्ञावलीच्या रचनेची मूलतत्त्वे सापडतात.

२) तारीख ही केवळ संख्या नसून ती कोणी, कोठे आणि कोणत्या व्यवस्थेत लिहिली याचा पुरावा आहे. रूपांतर करताना हा पुरावा नष्ट होऊ देता कामा नये.

३) अनिश्चितता ही आज्ञावलीची उणीव नव्हे. कागद जेथे मौन पाळतो किंवा दोन अर्थ सांगतो, तेथे तेवढेच नोंदविणे हा प्रामाणिकपणा होय.

४) दोनशे साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी ‘छ २५ सवाल’ असे लिहिणाऱ्या कारकुनाला आपण पानिपतच्या अलीकडे आहोत की पलीकडे, याविषयी शंका नव्हती. ती शंका आपली आहे. ती आपण नोंदविली, तर पुढचा अभ्यासक तिचे निरसन करू शकेल. ती यंत्राच्या स्वाधीन करून मिटविली, तर तो प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.